लेखकाच्या मते

दिसेल त्यात खोट काढायची नीलिमाची सवय सर्जापूर रोडवरच्या त्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक होती. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत ती टेस्टर. इतरांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा तिला पगार मिळायचा, आणि घरी येऊन तेच काम ती फुकटात करायची. याची साक्ष नवरा अजित कधीही द्यायला तयार.

आता तिला टेस्टिंग सोडून एमबीए करायचं होतं. प्रवेशपरीक्षेतलं गणित सोपं गेलं, पण इंग्रजी उताऱ्यांनी दोनदा आपटलं. इंग्रजी कच्चं होतं म्हणावं, तर तसंही नाही. बाई वाचता वाचता लेखकाशीच भांडायची. तिसरा प्रयत्न शेवटचा, हे तिनंच जाहीर केलेलं. नाहीतर आहेच जन्मभर टेस्टिंग.

शनिवारी सकाळी सराव चालला होता. लेखक म्हणत होता, नव्या वसाहतींमुळे शहरातले तलाव सुधारले. बाल्कनीतून तलावाचा वास थेट घरात येत होता. 'लेखकाच्या मते काय झाले?' याला नीलिमानं उत्तर दिलं, तलाव बिघडले.

"चुकलं," अजित म्हणाला.

"तो चुकलाय! इथे येऊन उभं राहू दे त्याला दोन मिनिटं."

एवढ्यात समोरच्या सुनंदाबाई आल्या. तीन पिढ्या बेंगळुरातच गेलेल्या, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं.

"स्वल्प कढीपत्ता दे गं," म्हणत त्या ऐसपैस बसल्या, म्हणजे बातमी मोठी होती. "आमच्या वाणीनं स्थळ नाकारलं. भाचीच ती माझी. मुलाचं घर येलहंक्याला, ते फार लांब पडतं म्हणते."

"लांब कुठलं अक्का? आणि तिची नोकरी तर घरूनच आहे. मला नाही पटत."

"तुला पटायचं काय त्यात? मी वाणीचं सांगतेय. तुझं सांगायचं असेल तर तुझ्या घरी येऊन सांगेन होय? ते वरच्या मजल्यावर सांगते!"

अजितनं हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला. नीलिमा मात्र कढीपत्त्याची काडी धरून तशीच उभी.

"म्हणजे वाणीच्या मते लांब. एवढंच?"

"एवढंच. माझ्या मते मुलाचं टक्कल..."

"तुमचं मत नको, अक्का."

"सरी, बरं बाई! मग सांगायला उरलं काय?" म्हणत सुनंदाबाई कढीपत्ता विसरून गेल्या.

त्या दिवसापासून नीलिमाला प्रत्येक उताऱ्यात वाणीच दिसू लागली.

परीक्षेत नेमका उतारा आला, की आता टेस्टर हवेत कशाला, यंत्रं पुरेत. तिचे कान तापले. माऊसचा बाण चुकीच्या पर्यायावर जाऊन थबकला. 'वाणी म्हणते टेस्टर नकोत. म्हणू दे.' तिनं बाण सरकवला.

शेवटी पडद्यावर गुण आले. कॉलेजला हवे होते त्याहून थोडे जास्तच.

बाहेर अजित स्कूटर घेऊन उभा होता. "जमलं?"

"जमलं. एक लेखक मात्र अगदी बिनडोक होता."

"मग?"

"मग काय, तो म्हणाला तेच उत्तर देऊन आले." तिनं हेल्मेट चढवलं. "आता घरी चल लवकर. तो बिनडोक का, ते अक्कांना सांगायचंय."