कवळीमामांनी ऐकलेला अल्बम

दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि कवळीमामा आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून कवळ्या बनवायचे. भाचा मामा म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणू लागली होती. चाळीस वर्षं ते चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गात आले होते आणि उपासनेत गिटार नको, हे त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. तसं पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून, सात जणांच्या सह्या घेऊन कमिटीला दिलंही होतं. पंचाईत एवढीच, की गिटार वाजवणारा त्यांचा सख्खा भाचाच होता.

त्याचा पहिला अल्बम निघाला तेव्हा त्याची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, पेन ड्राइव्ह घेऊन खोलीवर आली.

"दादा, एकदा ऐक. मग हवं तेवढं नाक मुरड."

"देवाला कमी ऐकू येतं का, एवढा गोंगाट करायला?"

"त्याला येतं नीट. तुझंच बघ," असं म्हणून तिनं गाणी लावली आणि निघून गेली.

मामांनी मुद्दाम घासायची मोटर सुरू केली. दोन गाणी त्या घरघरीत वाहून गेली. मग मेणात दात बसवायचे होते, म्हणून मोटर बंद केली, आणि तिसरं गाणं कानावर आलं.

नुसती गिटार. तारांवरून बोटं सरकल्याची कुरकुरही ऐकू येत होती. मग भाच्याचा आवाज: बाबांच्या खाटेपाशी मी तुला हाका मारत होतो, तेव्हा तू कुठे होतास?

मामांचा हात थांबला. मेहुण्यांच्या आजारपणात हा पोरगा तीन महिने खाटेपाशी बसला होता, पण चकार शब्द बोलला नव्हता. कडव्याच्या शेवटी त्याचा आवाज चिरकला. तो तसाच ठेवला होता. मग ड्रम आले, दुसरी गिटार आली, आणि देवावरचा तो राग हळूहळू आर्जव होत गेला.

कवळीत एखादा दात मामा नेहमी किंचित तिरका बसवत. सगळे एका ओळीत आले की तोंड खोटं दिसतं. हे याला कुणी शिकवलं? त्यांनी पहिल्यापासून सगळा अल्बम ऐकला. मेण कधीच गार झालं होतं.

संध्याकाळी त्यांनी फोन केला.

"पाचव्या गाण्यात ड्रमनं शब्द खाल्लेत."

"बरं, मामा," भाचा जपून म्हणाला.

"सातवं उगाच लांबवलंस."

"बरं."

"आणि तिसरं... तू मला आधी का नाही रे बोललास?"

"तुझ्यासमोर बोलता आलं नसतं, मामा. गिटार होती म्हणून जमलं."

गुरुवारी कमिटीच्या बैठकीत मामा उभे राहिले. "त्या पत्रावरची माझी सही खोडा."

चिटणीस चक्रावले. "अहो, पत्रच तुमच्या हातचं आहे!"

"म्हणून तर खोडायलाही मीच आलोय."

बराच वाद झाला. दोन जुन्या दोस्तांनी मामांशी बोलणं टाकलं. अखेर महिन्यातला एक रविवार गिटारला मिळाला. त्या दिवशी मामा बहिणीशेजारी बाकावर बसतात. ड्रम जोरात वाजले की कपाळावर आठी चढतेच. मग बहीण कोपरानं ढोसते.

"दादा, तोंड सरळ कर. तो इकडेच बघतोय."