रेषेची कुठली बाजू

वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये मेहजबीन मॅडम बावीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेत होत्या. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण गणिताला कुणी मिळेना म्हणून सुरुवात केली आणि त्यातच जम बसला. असमानतेचा आलेख शिकवताना त्यांनी पोरांना एक सोपा नियम दिला होता: चिन्ह मोठ्याचं असेल तर रेषेच्या वरचा भाग रंगवा, लहानाचं असेल तर खालचा. पुस्तकातली बहुतेक उदाहरणं त्यात बसायची.

यंदा अकरावीतल्या श्रेयापुढं एक उदाहरण आलं: एक्स वजा वाय हे दोनपेक्षा मोठं किंवा दोनइतकं. तिनं खालचा भाग रंगवला. मॅडमनी लाल फुली मारली.

“मॅडम, मी शून्य-शून्य घालून बघितलं,” श्रेया चाचरत म्हणाली. “शून्यातून शून्य गेलं, शून्यच राहिलं. ते काय दोनपेक्षा मोठं न्हाय. मग तो बिंदू ज्या बाजूला हाय, ती बाजू कशी रंगवायची?”

तो बिंदू रेषेच्या वर होता. मॅडमनी फळ्यावर स्वतः करून पाहिलं. वायच्या आधी वजा आलं की त्यांचा नियम उलटा पडत होता.

“श्रेयाचं बरोबर आहे. माझं चुकलं,” त्या वर्गासमोर म्हणाल्या आणि फुली खोडली.

पण त्यांना चैन पडेना. नऊ वर्षांपूर्वी राजलक्ष्मी नावाच्या मुलीनं वायच्या आधी वजा असलेली अशीच तीन उदाहरणं सोडवून खालचाच भाग रंगवला होता. मॅडमनी तिन्ही चूक दिली, वर सगळ्यांदेखत विचारलं, “तुला डोळे आहेत का गं?” त्यानंतर ती शिकवणीला आलीच नाही.

रविवारी मॅडम एसटीनं बावड्याला गेल्या. राजलक्ष्मी सासरच्या बियाण्यांच्या दुकानात बसली होती. मॅडमनी कागदावर रेष काढून सगळं सांगितलं.

“म्हंजे माझं बरोबर व्हतं?”

“तिन्ही.”

“मग मी तवा का न्हाय बोलले?”

“मी बोलू दिलं नसतं,” मॅडम म्हणाल्या.

राजलक्ष्मीनं कागदाची घडी घालून गल्ल्यात ठेवली. “गणित मी तेवढ्यासाठी न्हाय सोडलं, मॅडम. पण ते डोळ्यांचं बोलणं लई दिवस लागून राहिलं.”

तिनं चहा मागवला, पण ‘जाऊ द्या’ असं काही म्हणाली नाही. मॅडमनीही तशी अपेक्षा केली नाही.

आता शिकवणीत तो नियम बंद झालाय. आधी रेषेबाहेरचा एक बिंदू घ्यायचा, किमती घालून पाहायच्या, खरं की खोटं ते मोठ्यानं सांगायचं, मगच पेन्सिल टेकवायची. पोरं कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. मॅडम तेवढा वेळ थांबतात.