कात्रीआधीचा हात

धाराशिवला आमच्या कॉलेजजवळ एक ख्रिस्ती शिंपी आहेत. कापडाला कात्री लावण्याआधी ते कपाळाला बोटं टेकवून 'पित्याच्या' म्हणतात, छातीवर 'पुत्राच्या' आणि दोन्ही खांद्यांवर 'पवित्र आत्म्याच्या नावानं'. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, यात खंड नाही.

मला वाद घालायची खोड. दर सदऱ्याला मी विचारायचो, "काका, तिघं आणि तरी देव एकच, हे कसं? आमच्या दत्तासारखं का?"

"न्हाय सर, तसं न्हाय."

"मग कसं?"

"ते न्हाय सांगता येत," म्हणत ते माझ्या गळ्याचं माप घ्यायचे आणि टेप जरा जास्तच आवळायचे.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा थोरला मुलगा अपघातात गेला. महिन्याभरानं दुकान उघडलं, तेव्हा मी कापड घेऊन गेलो. त्यांनी ते टेबलावर पसरलं, कपाळाला बोटं टेकवली, 'पित्याच्या' म्हणाले. हात छातीवर आला आणि तिथंच थांबला. पुढचा शब्द 'पुत्राच्या' होता.

मला माझ्या सगळ्या प्रश्नांची लाज वाटली. "राहू द्या काका," मी म्हणालो.

"न्हाय सर. तुमी लई येळा विचारलंत. तिघं एक कसे, ते मला अजून सांगता येत न्हाय. पण देवबापाचंबी लेकरू क्रुसावर मेलंय. माझं दुःख त्येला समजावून सांगावं लागत न्हाय."

हात अजून छातीवरच होता.

"पुत्राच्या," ते सावकाश म्हणाले. मग खांद्यांना बोटं लावून त्यांनी कात्री उचलली.