गुरुदत्त घड्याळ घेतो

"अशी एक वस्तू सांगा, जी तुम्हाला हवीशी वाटते," समुपदेशक फ्राऊ ब्रांट म्हणाल्या.

आपण विचार करतोय असं समोरच्याला वाटेल, इतका वेळ गुरुदत्तनं खोलीभर नजर फिरवली. खोलीत दोन खुर्च्या, रुमालांचा डबा, खिडकीत कुंडी. फ्राऊ ब्रांटच्या मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. मागता येईल अशी तीच एक वस्तू त्याच्या नजरेला पडली.

"घड्याळ," तो म्हणाला.

"छान! मग घ्या एक. सावकाश, नीट बघून. घाई नाही."

"चालेल," तो म्हणाला. कुणीही काहीही म्हटलं की हल्ली त्याच्या तोंडून हाच शब्द निघत असे, मग ते मराठीत असो की जर्मनमध्ये.

गुरुदत्त दिघे मूळचा सांगलीचा. पुण्यात काही वर्षं नोकरी केली, मग बॉनमधल्या एका सॉफ्टवेअर फर्ममध्ये आला आणि इथेच राहिला. बायको शैला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मुलगी अन्वी पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर देते जर्मनमध्येच. सेहेचाळीस वर्षांच्या गुरुदत्तला ऑफिसात सगळे भरवशाचा माणूस म्हणत. कुणी सोडून गेलं की त्याचं काम गुरुदत्तकडे येई. आधी एकाचं आलं, मग दोघांचं. नव्या सिस्टिमचं काम लांबत गेलं तसे शनिवार-रविवारही त्यात गेले. तो कधी कुरकुरला नाही. शैला चिडायची, तर म्हणायचा, "एवढं संपलं की झालं."

मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो नेहमीच्या ट्रामथांब्यावर उभा राहिला. ट्राम आली, दार उघडलं, माणसं चढली, दार लागलं. तो चढला नाही. पुढची आली, तीही गेली. चक्कर नाही, छातीत दुखणं नाही, पायही जड झाले नव्हते. फक्त चढायचं कशासाठी ते त्याला आठवेना. भुरभुर पाऊस सुरू झाला. हातात छत्री होती, ती त्यानं उघडली नाही. शेजारच्या इमारतीतल्या सुलेखाताईंनी बाजारात जाताना त्याला तिथे पाहिलं होतं. पिशव्या भरून परत आल्या तरी तो तिथेच.

"अहो दिघे, ऑफिस नाही का आज?"

"आहे की," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

सुलेखाताईंनी शैलाला फोन लावला आणि ती येईपर्यंत त्याच्या डोक्यावर आपली छत्री धरली.

डॉक्टरांनी आजारपणाच्या रजेची चिठ्ठी लिहून दिली, मग आणखी एक, मग महिन्याची. बर्नआउट, असं सगळे म्हणाले. गुरुदत्त घरी राहू लागला. सांगितलं की आंघोळ करायचा, वाढलं की जसं असेल तसं जेवायचा, अन्वीनं विचारलं तर गणितही सोडवून द्यायचा. तो रडला असता, चिडला असता, तर शैलाला काहीतरी धरायला मिळालं असतं. पण तसं काहीच नव्हतं. डिसेंबरात त्याचा सख्खा मामा गेला. लहानपणी सुट्टीत ज्यानं त्याला पोहायला शिकवलं, तो मामा. फोन आला तेव्हा गुरुदत्त काकडी चिरत होता. "अरेरे," तो म्हणाला. फोन ठेवला आणि उरलेली काकडी चिरली. चकत्या सगळ्या सारख्या होत्या. शैला न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली, मामासाठी नाही.

त्यामुळे फ्राऊ ब्रांटच्या इथून येऊन तो "मला घड्याळ घ्यायचंय" म्हणाला तेव्हा शैला एकदम उठूनच उभी राहिली.

"घे ना! कसलं? थांब, आपण चंदूभावजींना विचारू."

चंद्रशेखर हा त्यांचा जुना मित्र, राहायला डार्मश्टाटला. घड्याळांचा त्याला भारी नाद. एरवी तो फोनवर "बरा आहेस ना, आराम कर" याच्या पुढे जात नसे. आजारी माणसाशी काय बोलायचं ते त्याला कळत नव्हतं. पण घड्याळ म्हटल्यावर गडी खुलला.

"हे बघ, ऑटोमॅटिक घे. बॅटरीचं नको. ऑटोमॅटिकला हाताच्या हालचालीनं आपोआप चावी मिळते. आत एक वजन असतं, ते फिरत राहतं."

"चालेल."

"काच सफायरची बघ. साध्या काचेवर वर्षभरात ओरखडे येतात. आणि मुख्य म्हणजे आतलं मशीन. जपानी घे, स्विस घे, पण दुरुस्त करणारा सहज मिळेल असं घे. डायलवरच्या नावाला भुलू नकोस. बाहेर नाव एकाचं, आत मशीन दुसऱ्याचं, असं पुष्कळदा असतं."

"हं."

"आणि जुनं वापरलेलं घ्यायच्या फंदात पडू नकोस. आधीच्या मालकानं तेलपाणी केलंय की नाही, काय माहीत! बजेट किती?"

गुरुदत्तनं शैलाकडे पाहिलं. पगाराऐवजी आता विम्याचे पैसे येत होते आणि ते कमी होते. "पाचशेपर्यंत," शैला म्हणाली.

"पाचशे युरोत उत्तम येतं, वहिनी! त्याच्या वर निम्मे पैसे नावाचेच."

गुरुदत्त कामाला लागला. कामाला लागणं त्याला येत होतं. सकाळी अन्वी शाळेत, शैला ऑफिसला गेली की तो लॅपटॉप उघडून बसे. थोड्याच आठवड्यांत त्याला सगळं माहीत झालं. हातातून काढून ठेवल्यावर कुठलं किती वेळ चालतं, कुठलं रोज किती पुढे जातं, कुठल्याची जाडी इतकी की शर्टाची बाही अडकेल. त्याचं मनगट बारीक, तेव्हा चाळीस मिलिमीटरच्या वरची सगळी त्यानं बाद केली. शैलाला वाटलं, चला, माणूस हलायला लागला. एका रविवारी तिनं त्याला बोलतं केलं. त्यानं निवडून उरलेली तीन घड्याळं स्क्रीनवर शेजारी शेजारी मांडली आणि एकेकाचे गुणदोष सांगितले. आवाज तोच, मीटिंगमधला.

"मग तुला कुठलं हवंय?" तिनं विचारलं.

त्यानं तिन्हींच्या किमती पुन्हा ताडून पाहिल्या.

"तिन्ही बसतात."

"बसतात म्हणजे काय, गुरू? तुझ्या हातात घालायचंय ते. आवडलं कुठलं?"

तो खरंच शोधत होता, हे तिला दिसलं. चष्मा कुठे ठेवलाय ते आठवताना माणूस जसा थांबतो तसा. मग म्हणाला, "तू सांग. काहीही चालेल."

सोफ्यावरून अन्वी जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, मागव ना कुठलंही. तुला तर सगळं एगालच असतं." एगाल म्हणजे कशाचंही काही नाही, काय वाटेल ते असो. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून शैलाला ते जास्त लागलं.

"मागवायचं नाही," शैला म्हणाली. "दुकानात जायचं. हातात घालून बघायचं."

जायच्या शनिवारी नेमका शैलाला ताप आला. अन्वी मैत्रिणींबरोबर गावात जाणारच होती, कार्निव्हलचे, वेषं घेऊन गावभर फिरायचे दिवस होते. शैलानं अंथरुणातूनच तिला हात जोडले. अन्वीनं गालांवर चंदेरी चमकी लावली होती, डोक्यावर मांजराचे कान होते. ती बापाबरोबर ट्राममध्ये बसली. समोर दोन चाचे, एक नन आणि दाढीवाली परी बियर पीत गात होती. गुरुदत्त खिडकीतून बाहेर बघत होता. परीनं त्याच्या खांद्यावर रंगीत कागदाची माळ टाकली. ट्राममधून उतरेपर्यंत माळ तशीच राहिली. शेवटी अन्वीनंच काढली.

दुकान मार्केटजवळच्या गल्लीत होतं. आत गेले तर काउंटरमागे पन्नाशीची बाई मधमाशीच्या वेषात उभी. पिवळे-काळे पट्टे, पाठीवर जाळीचे पंख, डोक्यावर स्प्रिंगचे दोन गोंडे. ती मान हलवी तसे गोंडे हलत.

"बंदच करत होते मी," ती म्हणाली. "पण या. काय दाखवू?"

गुरुदत्तनं तिला सगळं सांगितलं, काच, मशीन, व्यास. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, करत तिनं ऐकलं आणि मखमलीच्या तबकात दोन घड्याळं मांडली. त्यानं एक घातलं, काढलं. दुसरं घातलं, काढलं.

"कसं वाटतंय?"

"चांगलं आहे."

"आणि आधीचं?"

"तेही चांगलं आहे."

अन्वीनं फोनमध्ये मैत्रिणींना काहीतरी टाइप केलं. मधमाशीनं घड्याळाकडे पाहिलं, भिंतीवरच्या. मग खालच्या खणातून तिनं आणखी एक काढलं. "हे बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच जातं." तिनं ते स्वतःच त्याच्या मनगटावर चढवलं.

त्याच्या डायलला एका बाजूला भोक होतं. मुद्दाम कापलेलं. आतलं छोटं चाक त्यातून दिसत होतं. मागे-पुढे, मागे-पुढे, दम न खाता.

"बघा, हृदयच दिसतं याचं," ती म्हणाली. "लोकांना फार आवडतं."

गुरुदत्तनं पाहिलं. चाकाचं थरथरणं थांबेना. त्याच्या कानामागे गरम झालं.

"हे नको," तो म्हणाला.

"पट्टा बदलून..."

"नको. काढा हे." पट्ट्याची कडी त्याला सोडवेना, त्यानं ती ओरबाडलीच जवळजवळ. "सारखं धडपडतंय. मला नाही बघायचं."

हे शेवटचं तो मराठीत बोलला होता. अन्वीनं फोनवरून मान वर केली. मधमाशीनं काही न समजून तिच्याकडे पाहिलं. "त्यांना हे आवडलं नाही," अन्वी जर्मनमध्ये म्हणाली. मग बापाकडे वळून हळूच विचारलं, "आवडलं नाही ना, पापा?"

"नाही."

"बरं. मग आधीची?"

त्यानं तबक पुढे ओढलं. निळ्या डायलचं हातात घेतलं. इतका वेळ ते चांगलं होतं. आता त्याच्या आकड्यांचा सोनेरी रंग त्याला खुपला. "हेही नको." तारखेच्या खिडकीवर भिंगासारखा फुगवटा असलेलं एक, तेही नको. मधमाशी वैतागली असेल, पण तिनं दाखवलं नाही. काचेच्या कपाटातून एकेक काढत राहिली आणि तो बाजूला सारत राहिला. शेवटी तबकात एक उरलं. पांढरं डायल, काळ्या रेघा, तपकिरी पट्टा. त्याच्या तीन घड्याळांत ते नव्हतंच. त्यानं ते घातलं आणि थांबला. आवडलं, असं काही झालं नाही. पण नको असंही वाटलं नाही.

"हे द्या," तो म्हणाला.

बाहेर गल्लीत ढोल वाजत होते. मैत्रिणी चौकात थांबल्या होत्या. "जा तू," तो अन्वीला म्हणाला, "मी जाईन." पण ती त्याच्याबरोबर थांब्यापर्यंत आली आणि ट्राम आल्यावर आतही चढली.

"पापा, तू घड्याळावर चिडलास," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"हो."

"घड्याळावर!" ती हसली आणि चमकी तिच्या जॅकेटवर सांडली. तो हसला नाही, पण ती हसत असेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

घरी शैलानं तापातही उठून घड्याळ पाहिलं. चंद्रशेखरला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "अरे, हे काय घेतलंस? तू सांगितलेल्यांत हे नव्हतं! याचं मशीन ठीक आहे, पण इतकं साधं?" गुरुदत्तनं फोन शैलाकडे दिला.

त्यानंतर तो एकदम बरा झाला, असं काही नाही. मार्चभर तो तसाच होता. वसंत आला, रस्त्याकडेच्या चेरी फुलल्या, लोक झाडांखाली फोटो काढत होते आणि तो त्यांतून वाट काढत औषधांच्या दुकानात जाऊन येत होता. एकदा सांगलीला मामीला त्यानं आपणहून फोन केला. पण बोलायला काही सुचलं नाही, मामीच बोलली. फरक पडला तो एवढाच की मधूनमधून त्याला एखादी गोष्ट नकोशी वाटायची. टीव्हीचा आवाज. बैठकीतला मोठा दिवा. शैलानं आणलेला जांभळा स्वेटर त्यानं परत करायला लावला आणि ती पावती शोधताना गुणगुणत होती. फ्राऊ ब्रांटना त्यानं हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हं. सुरुवात बहुतेक तिकडूनच होते." त्याला ते पटलं की नाही, सांगता येत नाही.

मेमध्ये ऑफिस सुरू झालं, हळूहळू, रोज थोडेच तास. जागा तीच, खुर्ची नवी. दुसऱ्याच आठवड्यात वरच्या साहेबांनी त्याला कॉफीला बोलावलं. तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाले, तर मग, सिस्टिमचा पुढचा टप्पा सुरू होतोय, तुझ्यासारखा अनुभवी माणूस दुसरा नाही, लगेच नाही, उन्हाळ्यानंतर.

संध्याकाळी शैला आमटीला फोडणी देत होती. तो दारात उभा राहिला.

"मला पुन्हा त्याच कामावर घ्यायचं म्हणतायत."

तिचा हात थांबला. "मग?"

"मला नकोय ते."

"मग सांग ना त्यांना."

"सांगितलं."

फोडणी थोडी करपली. अन्वीनं पानं घेतली. तिघं जेवायला बसली. गुरुदत्तनं पहिला घास घेतला, थांबला, आणि मिठाची बाटली स्वतःकडे ओढली.