एकसष्ट नातेवाईक आणि एक शिट्टी

फॉर्मवर ओळी तीनच होत्या. ‘सदर कुटुंबाशी आपले नाते असल्यास नमूद करावे.’ कोरल मावशीने पुरवण्या जोडून चार पानं भरली. एकसष्ट नावं झाली, आणि मार्लीच्या बापाकडची मंडळी अजून बाकीच होती.

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या त्या गावातल्या आदिवासी मुलांचं काय करायचं, हे आजवर मेलबर्नचं सरकारी खातं ठरवत असे. यंदा तो अधिकार गावच्या आदिवासी संस्थेकडे आला. संस्था म्हणजे जुन्या बेकरीतली दोन टेबलं आणि कोरल मावशी. पहिलीच केस पाच वर्षांच्या मार्लीची. आई मेलबर्नच्या इस्पितळात, वर्षभर तरी परतायची नाही. बाप हयात नाही.

खात्याकडून काम समजावायला आलेल्या फिलिपाने चार पानं चाळली आणि चष्मा काढून ठेवला.

“मावशी, नात्यातल्या माणसाला निर्णय घेता येत नाही. फाइल मेलबर्नला जाईल.”

“आणि पोर?”

“तिकडे ज्या घरात जागा असेल, तिथे.”

“मग गावात बिननात्याचा माणूस शोध आणि बसव या खुर्चीत.”

“एखादा तरी असेलच ना?”

“आहे की. नवा पोस्टमास्तर. मंगळवारी आलाय. पण माझ्या भाचीला चहाला बोलावतोय म्हणे, तेव्हा घाई कर.”

फिलिपाला हसू आलं. ती म्हणाली, “आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणणार नाही, अशी कारणं लिहून द्या. वरून मंजुरी मी आणते.”

मार्लीला सांभाळायला दोन घरं तयार होती. एक मावशीची सख्खी बहीण डेल्मा. तिने मार्लीसाठी पलंग पिवळा रंगवूनही ठेवला होता. पण तिचा थोरला मुलगा वेन घरी परतला होता, आणि रागाच्या भरात त्याने महिन्याभरात दोन दारं मोडली होती. हे मावशीला ठाऊक होतं, कारण दारं बसवायला तीच गेली होती.

उरली मार्लीच्या बापाची आत्या, ऑड्री. घर शांत, पोरीला तिचा लळा. फक्त मावशी तिच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हती. नेटबॉलच्या अंतिम सामन्यात मावशीच्या लेकीने शेवटचा गोल केला, आणि पंच ऑड्रीने शिट्टी वाजवून तो रद्द केला. “आपलीच पोर असून,” असं मावशी तेव्हापासून गावभर सांगत आली होती.

मावशीने ऑड्रीचं नाव लिहिलं आणि त्यामागची कारणं, दारांसकट. मग डेल्माकडे जाऊन वाचून दाखवली.

डेल्माने चहा विचारला नाही. “सख्खी बहीण असून,” एवढंच म्हणाली.

“वेन शांत झाला की पुन्हा बघू. रविवारी जेवायला ऑड्रीकडेच ये.”

“पलंग घेऊन जा,” डेल्मा म्हणाली आणि आत गेली.

मंजुरी आली त्या शुक्रवारी मावशीने टपावर पलंग बांधला, मार्लीला पुढे बसवलं आणि गाडी ऑड्रीच्या दारात नेली. मार्ली सरळ आत पळाली. ऑड्रीने पलंगाचं एक टोक धरलं.

“साखर दोन ना?” पलंग आत ठेवल्यावर तिने विचारलं.

“दोनच. आणि तो गोल होता.”

“नव्हता,” ऑड्री म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.