उजव्या बाजूचं गाणं

"टीव्ही लागला, साउंडबारपन लागला. समदा आवाज येतो, साहेब. फक्त आयचा येत नाय."

नरेश पाटलांचा फोन होता. मी तेव्हा एका जोडप्याला बत्तीस आणि त्रेचाळीस इंचातला फरक समजावत होतो. आमच्या चंदनसारच्या फ्लॅटमध्ये बत्तीसच आहे. म्हणूनच मी मोठ्या टीव्हीबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलतो, असं बायकोचं मत आहे.

"बंद करून परत चालू केलात का?" मी विचारलं. आमच्या धंद्यात कुठल्याही दुःखावर पहिला उपचार हाच.

"केला. परत केला. परवा हळद हाय, साहेब."

मी जोडप्याला दुसऱ्या सेल्समनकडे सोपवलं आणि बाहेर फुटपाथवर आलो, कारण हा टीव्ही मी स्वतः विकला होता. विरारच्या ज्या दुकानात मी फ्लोअर मॅनेजर आहे, तिथे खपलेला माल सेल्समनचा आणि बिघडलेला माझा, अशी वाटणी असते. या वेळी दोन्ही माझंच होतं.

आठवड्यापूर्वी नरेश आपल्या वडिलांना घेऊन आले होते. हिराजीबाबा. खाडीकाठच्या गावातले, भातशेती केलेले, ऐंशीच्या आसपासचे. पांढरी टोपी, आणि पायातल्या चपला दुकानाबाहेर काढलेल्या. मी "राहू द्या बाबा" म्हटलं, तरी ते अनवाणीच आत आले.

नरेशना पंचाहत्तर इंची हवा होता, पण बजेटमधला. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा नव्हे; तेवढ्याच आकाराचा, आणि वर साउंडबार फुकट. याला आम्ही बंडल म्हणतो. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांबट पट्टी. तिचे पैसे टीव्हीत कुठेतरी मुरलेले असतात, पण 'फुकट' ऐकलं की गिऱ्हाईक टीव्हीपेक्षा पट्टीकडे जास्त वेळ बघतं.

"बाबांच्या नातीच्या हळदीला मांडवात लावाचा हाय," नरेश म्हणाले. "भाड्यानं आनला तं दुसऱ्या दिवशी परत द्यावा लागल. हा घरात ऱ्हाईल."

"काय दाखवायचंय?"

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यांच्या चुलतभावाच्या लग्नाची जुनी कॅसेट त्यात भरून आणली होती. हिराजीबाबांची बायको, जनाबाई, त्या भागातली मोठी धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून पुढे नेते. ती एक ओळ म्हणते आणि मागून बायका ती उचलतात. जनाबाईंनी अख्ख्या गावाची लग्नं लावली. स्वतःच्या नातीचं लावायला मात्र त्या राहिल्या नाहीत. दोन पावसाळ्यांपूर्वी गेल्या.

"मोबाइलवर रेकॉर्ड नाही केलं कधी?" मी विचारलं.

उत्तर हिराजीबाबांनी दिलं. "ती करू देई नाय. धवला मांडवाभायेर म्हनाचा नसतो."

उरली ती एक कॅसेट. तिच्यातही घोळ होता. त्या काळी गावोगावचे व्हिडिओवाले हळदीच्या शूटिंगवर हौसेने सिनेमाचं गाणं चढवत. जनाबाईंचे ओठ हलताना दिसायचे आणि ऐकू यायची सिनेमातली नायिका. गाण्याच्या तळाशी त्यांचा आवाज कुठेतरी बारीक लागायचा. भारीतला टीव्ही आणि भारीतला साउंड असला, की तळातला आवाज वर येईल, असा पाटलांचा हिशेब.

असं होत नसतं. मोठा स्पीकर सगळंच मोठं करतो. हे मला माहीत होतं. पण समोर पंचाहत्तर इंची गिऱ्हाईक होतं. मी म्हणालो, "लावून बघू की."

डेमो पीसला पेनड्राइव्ह लावला. डेमो पीस म्हणजे दुकानात दिवसभर चालू असलेला, न विकायचा टीव्ही. खालचा साउंडबार नुसता मांडलेला होता. त्याची पिन इस्त्रीच्या काउंटरने पळवली होती. आवाज टीव्हीचाच.

आणि जनाबाई ऐकू आल्या.

किंचित चिरका, उंच आणि अजिबात घाई नसलेला आवाज. सिनेमाचं गाणं जवळजवळ गायब. मिक्सरच्या काउंटरवरची मुलगीसुद्धा वळून बघायला लागली. हिराजीबाबांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. ते खाली, आपल्या पायांकडे बघत होते. एक ओळ पुरी झाली तसा त्यांनी हात वर केला.

"बस. बंद करा. मांडवाभायेर नको."

मी बंद केला. मला स्वतःला काही कळलेलं नव्हतं, तरी तोंडाने म्हणालो, "बघा, क्वालिटी!" पंचवीस वर्षांची सवय, ती अशा वेळी आपोआप बोलते.

आणि आता हा फोन.

मी सर्व्हिसवाल्याला घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. अंगणात मांडवाचे बांबू उभे राहत होते. टीव्ही ओट्यावर, भिंतीला टेकून टेबलावर, खाली साउंडबार. सर्व्हिसवाल्याने सगळं तपासलं आणि आमच्या धंद्यातला सगळ्यात निरुपयोगी निकाल दिला. "सर, सेट ओके आहे."

खरंच ओके होता. सिनेमाचं गाणं अंगणभर दणदणत होतं. स्क्रीनवर जनाबाईंचे ओठ हलत होते. नवरीमुलगी वेदिका दारात उभी राहून ते बघत होती. गाणं संपायच्या आत ती आत निघून गेली.

"तुमी दुसरा दिला," हिराजीबाबा मला म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "मना त्योच पायजे. दुकानातला."

"बाबा, मॉडेल तेच आहे."

"मॉडेल आसल. ती ह्याच्यात नाय."

मी पेनड्राइव्ह मागून घेतला आणि उद्या डेमो पीस घेऊन येतो असं सांगून निघालो.

सकाळी शेठना सांगितलं. वापरलेला डेमो पीस नव्याच्या भावात जातोय म्हटल्यावर शेठना उत्सवाचाच आनंद झाला.

"दे, दे! आजच दे. विचारतोस कशाला?"

"आधी टेस्ट करतो, शेठ."

वापरलेला पीस बाहेर काढायचा तर आमच्याकडे एक छोटी चाचणी असते. तिच्यात रंगांच्या पट्ट्या येतात, मग डाव्या स्पीकरमधून टूं, मग उजव्यातून टूं. डावीकडून आलं. उजवीकडे शांतता. परत लावलं. परत शांतता.

डेमो पीसचा उजवा स्पीकर मेलेला होता. कधीपासून, देव जाणे. रोज मी त्याच्यासमोर उभा राहून 'सराउंड' या शब्दावर जोर देत होतो.

मग हळूहळू ट्यूब पेटली. व्हिडिओवाल्याने कॅसेटच्या दोन बाजूंवर दोन आवाज ठेवले होते. डावीकडे मांडवातला मूळ आवाज, उजवीकडे वरून घातलेलं सिनेमाचं गाणं. साध्या टीव्हीवर दोन्ही एकदम वाजतात आणि गाणं बाईला गिळतं. आमच्या डेमो पीसने उजवी बाजू मुकी केली, म्हणून बाई सुटली. माझ्या क्वालिटीचं रहस्य एवढंच होतं.

शेठना समजावलं. ते घाबरले. "अरे, खराब पीस कसा द्यायचा कस्टमरला?"

"शेठ, त्यांना खराबच पाहिजे."

"नाय, नाय. दुकानाचं नाव आहे. दुसरं काय होत असेल तर बघ."

दुसरं होत होतं. प्रत्येक टीव्हीच्या सेटिंगमध्ये बॅलन्स नावाची एक रेघ असते. आवाज डाव्या बाजूला द्यायचा की उजव्या, ते तिच्यावर ठरतं. तिला जन्मात कोणी हात लावत नाही. पेनड्राइव्ह घेऊन मी एकटाच स्कूटरवरून पाटलांकडे गेलो. बॅलन्स उघडला, तर रेघ हलेना. आवाज साउंडबारमधून जात होता, आणि बार लावला की या टीव्हीत ती रेघ बंद पडते. मी बारची वायर काढली. रेघ हलायला लागली. डावीकडे, टोकापर्यंत नेली.

मांडव आता पुरा झाला होता. वर आंब्याचे टहाळे बांधलेले होते. नरेशनी वडिलांकडे पाहिलं. बाबांनी आधी मांडवाकडे पाहिलं आणि मग मान हलवली.

जनाबाई म्हणू लागल्या.

या खेपेला बाबांनी थांबवलं नाही. ओळ संपली, दुसरी सुरू झाली. आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. वेदिका ओल्या हातांनी बाहेर आली आणि आजोबांच्या पायाशी बसली. मी रिमोट कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभा होतो.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आता ऱ्हाऊंदे. उद्याला ठेवा."

नरेश मला गेटपर्यंत सोडायला आले. "पन साहेब, एवढ्या बारीक आवाजात मांडवात काय आयकू येल? बार तं लावताच येनार नाय."

टीव्हीचे आतले स्पीकर बोटभर असतात, त्यात वाजणार निम्मेच. "डीजे थोडा वेळ बंद ठेवा," एवढंच सुचलं.

हळदीला मी बायकोला घेऊन गेलो. टीव्हीवरच्या चित्राची अपेक्षेप्रमाणे दशा झाली होती. जुनी कॅसेट एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणली की जवळून चेहऱ्यांचे नुसते डाग दिसतात. पुढच्या खुर्च्यांतले पाहुणे डोळे बारीक करत होते. "ही कोन? जना हाय का?" हिराजीबाबा मात्र सगळ्यांत मागे, खांबाला टेकून बसले होते. तिथून चेहरा चेहऱ्यासारखा दिसत होता. त्यांना हे कोणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही.

डीजे थांबला. वेदिका पाटावर बसली. जनाबाईंनी पहिली ओळ म्हटली, आणि ती चौथ्या खुर्चीच्या पलीकडे पोचली नाही. मागे कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात टीव्हीच्या अगदी जवळ बसलेल्या एका म्हातारीने ती ओळ उचलली. तिच्या शेजारणीने उचलली. जनाबाईंच्या मागे म्हणायची त्यांना आयुष्यभराची सवय होती. दुसरी ओळ आली तेव्हा दहाबारा जणी होत्या, तिसरीला अख्खा मांडव. बारीक आवाज टीव्हीतून निघायचा आणि बायका तो अंगणापार नेऊन पोचवायच्या. वेदिकेला हळद लागली. हिराजीबाबा डोळे मिटून बसले होते. एका हाताची बोटं मांडीवर हळूहळू पडत होती.

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "आणि तुमचा तो फुकटचा बार कुठाय?"

"खोक्यात."

पाटलांकडे तो अजून खोक्यातच आहे, माळ्यावर. तेव्हापासून मी रोज सकाळी डेमो पीसचे दोन्ही स्पीकर तपासतो, आणि गिऱ्हाइकाने मोठा टीव्ही मागितला, की त्याचे फायदे सांगायच्या आधी विचारतो, "काय ऐकायचंय?"