आकृती वाचायची कशी?

मंडळी, मी आज खरं तर वाशीच्या बाजाराला निघालो होतो. बेंबळीत ताईकडं चहाला थांबलो न् तिथंच अडकलो. ताई चहात आलं लई टाकते, पण ते असू द्या. तिची रेणू आठवीत आहे, तिला अजिबात दिसत नाही. आज तिचा स्कॉलरशिपचा पेपर, सोडायला कुणी नव्हतं. घेतली गाडीवर.

पोरगी हुशार. तोंडी हिशेबात मला केव्हाही गुंडाळते. दाजी म्हणालेत, यात नाव आलं तरच पुढं शिकवीन.

पेपर सुटला, तर रेणू तोंड पाडूनच बाहेर आली.

"काय झालं गं?"

"मामा, वेगळी आकृती ओळखा, असे लई प्रश्न होते. माझा पेपर लिहिणारी सातवीतली पोरगी आकृती कशीय ते सांगायला लागली, तर वर्गावरचे सर म्हणले, सांगायचं न्हाय, नुसतं वाचायचं."

"अगं, आकृती वाचायची कशी?"

"म्या बी तेच इचारलं. म्हणले, बाळा, नियम हाय."

"मग?"

"मग काय, सगळ्याला दोन नंबरचं उत्तर सांगितलं."

मी सरांना गाठलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मला बी कळतंय हो. पण उत्तर फोडलं म्हणून कुणी तक्रार केली तर?" मी नववीत शाळा सोडलेला. रेणूचा हात धरून गाडीपाशी आलो.

आता दाजींचा फोन वाजतोय न् मी उचलत नाही. रेणू म्हणते, "उचला मामा. पेपर अवघड होता म्हणून सांगा."

तुम्हीच सांगा, पेपर अवघड होता का?